शेडमधली जागा

चहाचे दोन कप घेऊन मी शेडच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. आत जयवंत बोलत होता.

"समजा," तो म्हणत होता, "समजा काजूची बी आपण उभी धरलीच नाही. आडवी पडू दिली, तर?"

 मग मृणालचा आवाज आला. "तर फिरत्या चकतीला वाट्या कराव्या लागतील. बीच्या आकाराच्या."

"बरोबर!"

टेबलावर तळहात आपटला. जयवंतला आनंद झाला की तो असाच हात आपटायचा. मग दोघंही हसली. मी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले, आत गेले नाही, हाकही मारली नाही. घरी येऊन ओवीला पाजायला घेतलं, तर पोरगी सारखी मान वळवून माझ्याकडे बघत होती.

त्या दिवसापासून मी मृणाल शिंत्रेवर पाळत ठेवायला लागले.

आमचं घर वेंगुर्ल्याच्या बाहेर, मठ गावच्या रस्त्याला. घर आणि शेड यांच्यात फणसाची दोन झाडं आणि विहीर. शेडमध्ये एक जुनं लेथ, एक ड्रिल मशीन, एक लांब टेबल आणि आजूबाजूला पत्र्याचा, लोखंडाचा नुसता पसारा. जयवंत आरोसकर माझा नवरा. त्याआधी तो तंत्रनिकेतनात माझ्या वर्गात होता. आमच्या तुकडीत मुली दोनच, आणि त्यातल्या दुसरीने वर्षभरात लग्न करून कॉलेज सोडलं. मी टिकले, कारण मला ड्रॉइंग आवडायचं आणि जयवंतला ते अजिबात जमायचं नाही. त्याची ड्रॉइंग्ज मी करून द्यायचे. लग्न त्यातूनच ठरलं म्हटलं तरी चालेल.

काजूच्या बीच्या सालीत तेल असतं. ते अंगाला लागलं की कातडी भाजते, काळी पडते, मग पापुद्रे निघतात. माझी मावशी काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. लग्नकार्यात ती कुणाला कुंकू लावायला पुढे व्हायची नाही, हात पदराखाली धरून कोपऱ्यात बसायची. मी हे एकदा जयवंतला सांगितलं, आणि तिथून आमचं सुरू झालं. आम्ही दोघांनी पायाने दाबायचं एक कटर केलं. दोन वाकडी पाती, खाली पायटा. बी मध्ये धरायची, पाय दाबला की साल दोन बाजूंनी चिरते आणि आतला गर अख्खा निघतो. पातं जरा जास्त आत गेलं की गर फुटतो आणि त्याचा तुकडा होतो, म्हणून सगळी मेहनत पातं वेळेवर थांबवण्यात होती. आमचं कटर आसपासच्या कारखान्यांत गेलं, चाललं. पण त्यातही बी हातानेच धरावी लागायची. आम्हाला असं यंत्र करायचं होतं ज्यात बाईचा हात बीला लागणारच नाही.

मग मला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उठायचं नाही असं बजावलं आणि मी माहेरी मालवणला गेले. ओवी अशक्त जन्मली, म्हणून राहणं आणखी लांबलं. मधल्या काळात काजू कारखानदारांच्या सोसायटीने आमच्या नव्या यंत्राला पाठबळ द्यायचं ठरवलं आणि मदतीला एक इंजिनीअर पाठवली. मृणाल शिंत्रे, कोल्हापूरची, नुकतीच पास झालेली. ती शेजारच्या कुबलांकडे खोली घेऊन राहिली.

मी परत आले त्याच दिवशी ओवीला खांद्यावर टाकून शेडमध्ये गेले होते. जयवंत किती खूश झाला! "ये ये, बघ किती पुढे गेलंय." टेबलासमोर मृणाल बसली होती. ती पटकन उठली.

"बसा ना वहिनी."

मी बसले. समोर अर्धं ड्रॉइंग होतं. रेघा स्वच्छ होत्या, माझ्यापेक्षा स्वच्छ. पण ते कुठून सुरू होतंय ते मला कळेना. ती दोघं माझ्या दोन बाजूंना उभी होती. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की मी कधी उठते याची ती वाट बघतायत. अगदी आदराने. ओवी रडायला लागली, तिचं निमित्त करून मी उठले. नंतर मी शेडमध्ये गेले ती फक्त चहा घेऊन.

आता मला तिचं सगळं दिसायला लागलं. ती पेन्सिल अंबाड्यात खोचायची. जयवंतच्या ताटलीतली तळलेली मिरची न विचारता उचलायची. तो पूर्वी शेडमधून आला की जेवताना बोलायचा, आंघोळ करताना न्हाणीघरातून ओरडून बोलायचा. आता बोलायचं ते सगळं तिथे बोलून यायचा आणि घरी रिकामा यायचा. मी विचारलं, की "चाललंय" एवढंच. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे, की आज काय झालं असेल तिथे, कशावर हसली असतील.

हे सासूबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. त्या एकदा विहिरीवर मला म्हणाल्या, "गो वैजू, तुका दिसना नाय काय? दिसभर दोघांय थंय शेडीत. चेडू चांगला आसात, माजा काय म्हणणा नाय. पण गाव काय म्हणतला?"

"आई, ती पोरगी कामाला आलीय, आणि शेडचं दार उघडं असतं."

"दार उघडा आसा म्हणानच लोक बघतत मगे!"

त्या जयवंतशीही बोलल्या असाव्यात. दुसऱ्या दिवशी जेवताना तो मान खाली घालून म्हणाला, "आई काय म्हणाली ते कळलं मला. तुलाही तसं वाटतं?"

"तसं म्हणजे कसं?"

"वैजू, ओवीची शपथ घेऊन सांगतो. तसं काहीही नाही."

"मला माहीत आहे."

"मग? मग तोंड असं का असतं तुझं?"

मी भाताचं भांडं पुढे केलं. त्याने ताटात पाणी ओतलं आणि उठला.

दुपारी मृणाल कुबलांकडे जेवायला गेली आणि जयवंत जेवून आडवा झाला, की मी शेडमध्ये जायचे. काय शोधत होते? कुठे एखादा केस, एखादी चिठ्ठी शोधणारी बायको मी नव्हते. मी तिची ड्रॉइंग्ज बघायचे. एकेक रेघ तपासायचे, कुठे चुकलीय का. आणि एके दिवशी मला चूक सापडली. त्या चकतीच्या वाट्या. काजूची बी मूत्रपिंडासारखी वाकडी असते, तिला पाठ असते आणि पोट असतं. वाटीत ती कधी पाठीवर पडणार, कधी पोटावर. पातं मात्र एकाच बाजूने येणार. म्हणजे निम्म्या बियांत ते नको तिथे घुसणार आणि गर फुटणार. मला इतका आनंद झाला, की मी तिथे एकटीच उभी राहून हसले.

संध्याकाळी मी जयवंतला सांगितलं, "वाट्यांत बी उलटी पडेल."

"नाही पडत. चकती फिरली की आपोआप बसते."

"नाही बसणार."

"वैजू," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तू इतके महिने लांब होतीस. आता ते खूप पुढे गेलंय."

मी उठले. त्याच क्षणी मी ठरवलं, की हे मी करीन. तिच्याआधी करीन.

मार्ग मला सुपात सापडला. घरच्या साठवणीतल्या बिया पुन्हा वाळवून मी पाखडत होते. सुपाला हिसके देताना बघितलं, तर सुपाच्या कडेच्या खोबणीत आलेल्या बिया डुलत डुलत पाठीवर बसत होत्या. सगळ्या नव्हे, पण बऱ्याचशा. मी सूप खाली ठेवलं, परत उचललं, परत हिसके दिले.

रॉकेलच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला आणि त्याची पन्हळ केली, खाली निमुळती. मागच्या पडवीत वाशांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधून ती टांगली. शेजारीच ओवीची झोळी. एका हाताने झोळी हलवायची, दुसऱ्या हाताने पन्हळ. उतार जास्त झाला की बिया घसरत सुटायच्या, कमी झाला की गोळा होऊन अडकायच्या. पन्हळीचा कोन मी पुन्हा पुन्हा बदलला. पत्र्याने बोटं कापली.

"ह्या काय चललाहा?" सासूबाईंनी विचारलं.

"बिया निवडतेय."

"तुज्या आवशीन तुका अशे निवडूक शिकवल्यान?" असं माझ्या आईला नावं ठेवून त्या गेल्या.

मी यापूर्वी एकटीने काहीच केलं नव्हतं. डोक्यात काही आलं, की सवयीने मी थांबायचे, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. कुणी म्हणत नसे. मग मीच विचारायचे आणि मीच उत्तर द्यायचे. काम फार सावकाश चाललं होतं, आणि प्रत्येक पायरीला माझ्या डोळ्यांसमोर मृणालचं तोंड असायचं. हे बघितल्यावर ते कसं होईल, याचं चित्र मी रंगवायचे. अखेर एका दुपारी पन्हळीतल्या सगळ्या बिया एकामागून एक, शहाण्या पोरांसारख्या पाठीवर बसल्या आणि तशाच सरकत खाली आल्या. मी कुणालाही सांगितलं नाही.

सोसायटीच्या लोकांना यंत्र दाखवायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी सकाळीच जयवंत सावंतवाडीला गेला, सोसायटीचे अध्यक्ष तेंडोलकरशेठ यांना भेटायला आणि मोटरचा नवा पट्टा आणायला. दुपारी मी पडवीत होते. ओवी झोळीत झोपली होती. मागच्या दाराने मृणाल आली. डोळे लाल झाले होते.

"वहिनी, जरा बोलायचं होतं."

"बस."

ती जमिनीवरच बसली. "उद्याचं झालं, की मी कोल्हापूरला परत जातेय."

"का?"

"गावात काय बोलतात ते मला ऐकू येतं. आणि तुम्ही... तुम्ही माझ्याशी बोलतसुद्धा नाही. दारात कप ठेवून निघून जाता." तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "वहिनी, तुम्हाला वाटतं तसं आमच्यात काहीच नाही. अगदी देवाशपथ."

नवऱ्याने शपथ घेतली होतीच, आता ही घेत होती. माझं डोकंच फिरलं.

"तसं असतं तर बरं झालं असतं," मी म्हणाले.

तिने नाकावरचा हात खाली घेतला.

"तसं असतं तर मी चार बायकांसारखी रडले असते, भांडले असते, माहेरी निघून गेले असते. मला काय झालंय ते सगळ्यांना कळलं असतं. आता मी काय सांगू लोकांना? तो तुला 'समजा' म्हणतो, हे सांगू?"

"समजा?"

"समजा बी आडवी पडू दिली तर. समजा पातं खालून आलं तर. म्हणतो ना? ते तो मला म्हणायचा. तो 'समजा' म्हणायचा आणि मी 'नाही' म्हणायचे. का नाही ते सांगायचे. मग तो चिडायचा, विहिरीपर्यंत चालत जायचा, परत यायचा, आणि त्याहून चांगलं काहीतरी सुचवायचा. घरात मी त्याला 'अहो' म्हणते. शेडमध्ये मी त्याला 'अरे जयवंत' म्हणायचे. जगात माझ्यासाठी अशी एकच जागा होती, तिथे तू बसलीस. घरातलं तू काहीच घेतलं नाहीस, मला पक्कं माहीत आहे. मी घरातल्याबद्दल बोलतच नाहीये."

 हे मी स्वतःशीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. ती रडेल किंवा माफी मागेल असं मला वाटलं. पण तिचा चेहरा कडक झाला.

"तुम्हाला वाटतं ती जागा मला मिळाली?" ती म्हणाली. "ते 'समजा' म्हणतात. मी 'हो' म्हणते. त्यांचं सगळंच मला इतकं भारी वाटायचं, की दुसरं काय म्हणणार? मग ते माझ्याकडे बघत राहतात. पुढे काहीतरी यायला हवं होतं आणि ते आलं नाही, असं. आणि मग म्हणतात, वैजू असती तर इथे नाही म्हणाली असती. रोज म्हणतात, वहिनी! मी काही काढलं, की वैजू कशी काढायची. काही बिघडलं, की वैजूला आधी कळलं असतं. मी तुमचा किती राग करते तुम्हाला कल्पना नाही. तुम्ही चहा घेऊन दारात आलात, की मला वाटायचं, आल्या बघायला, अजून मला जमत नाहीये ते."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो. झोळीत ओवीने चुळबुळ केली. मी हात लावून झोळी हलवली, आणि सवयीने दुसरा हात पन्हळीला गेला. चार बिया होत्या तिच्यात. त्या डुलल्या आणि पाठीवर बसल्या.

"हे काय आहे?"

"काही नाही."

मला ती झाकावीशी वाटली. पण तोवर मृणालने टोपलीतल्या मूठभर बिया उचलून वरून सोडल्या होत्या. तिने स्वतःच पन्हळ हलवली. बिया घसरल्या, वळल्या, एकेक करून सरळ झाल्या. तिने परत मूठ भरली. परत तेच. मी इतके दिवस ज्याची वाट बघत होते ते तिचं तोंड माझ्या समोर होतं. मी ठरवलं होतं तसं ते पडलेलं नव्हतं. ते उजळलं होतं.

"उद्या यंत्र चालणार नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "चकती कालच बसवली, आणि निम्मे गर फुटतात. सकाळपासून मी एकटीच चालवून बघतेय. बी वाटीत उलटी पडते."

"मी सांगितलं होतं हे. जयवंतला."

"कधी?"

"पावसाळ्यानंतर लगेच."

"मला नाही बोलले ते," मृणाल म्हणाली.

तिने आणखी एक मूठ बिया पन्हळीत सोडल्या. मग ती म्हणाली, "वहिनी, ही द्याल?"

"नाही."

ती मान हलवून उठायला लागली.

"देणार नाही," मी म्हणाले. "बसवीन. मी स्वतः येऊन बसवीन."

ओवीला सासूबाईंकडे देऊन मी शेडमध्ये गेले. त्या काय म्हणाल्या ते मी ऐकलं नाही. वाट्यांची चकती आम्ही काढून बाजूला ठेवली. पन्हळ पात्यांसमोर टांगली, पण आता ती हाताने कोण हलवणार? मृणाल म्हणाली, मोटरच्याच शाफ्टवरून धक्का देऊ. मी म्हटलं, नाही, धक्का फार बसेल, बिया उडतील. तिने करून बघितलं. बिया खरंच उडाल्या, एक तिच्या कपाळावर बसली. मग तिने मध्ये लोखंडी पट्टीची स्प्रिंग घालायचं सुचवलं. मी म्हटलं, लांब पट्टी घे. ती म्हणाली, लांब नको, पातळ हवी. पातळ घेतली. मृणालचंच बरोबर होतं.

आणि मग मी स्वतःला म्हणताना ऐकलं, "समजा, पन्हळीच्या तोंडाशी आपण एक झडप ठेवली. बी बसली, की झडपेने तिला धरायचं."

"नाही," मृणाल म्हणाली. मग तीच दचकली. जयवंतला तिने हा शब्द कधी म्हटला नव्हता. "म्हणजे... झडप अडकेल ना. तेल लागून चिकटेल."

मी चिडले. विहिरीपर्यंत चालत गेले. परत आले तेव्हा मला झडपेऐवजी ब्रश सुचला होता.

शेडमध्ये ऊन तिरपं यायला लागलं होतं. आम्हाला भूक लागली होती आणि ती लक्षातही आली नव्हती. आम्ही मोटर लावून यंत्रावर वाकून बघत होतो, आणि दारातून जयवंत म्हणाला, "काय चाललंय?"

"थांबा जरा, ती बी बघा," मृणाल मान वर न करता म्हणाली.

तो जवळ आला. बिया पन्हळीतून येत होत्या, पात्यांत जात होत्या, खाली साल आणि गर पडत होते. त्याने एक गर उचलला. अख्खा होता. दुसरा उचलला. तिसरा फुटका निघाला, पण त्यानंतरचे परत अख्खे.

"कुणाचं हे?"

"वहिनींचं."

"छान," जयवंत म्हणाला. मग त्याने उत्साहाने हात पुढे केला. "समजा आपण ही पन्हळ आणखी रुंद केली, म्हणजे एका वेळी दोन—"

"नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

आम्ही हसलो. मग मी त्याच्याकडे बघितलं. हातात गर घेऊन तो तसाच उभा होता. त्याने हसायचा प्रयत्न केला, पण त्याचे डोळे एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे असे फिरत होते. चहाचा कप घेऊन दारात उभं राहिल्यावर माणूस कसं दिसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेंडोलकरशेठ आणि बाकीचे कारखानदार आले. यंत्र चाललं. एकदा पट्टा निसटला, एकदा बिया अडकल्या, पण गर अख्खे निघत होते आणि कुणाचा हात बीला लागत नव्हता. शेठ पन्हळीजवळ बराच वेळ उभे राहिले. "ही युक्ती कोणाची?"

"आमचीच, घरचीच," जयवंत म्हणाला. वाईट हेतूने नाही, सहजच म्हणाला.

"माझी, शेठ," मी म्हणाले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर पाणी काढत असताना जयवंत आला. माझ्या हातातली दोरी त्याने घेतली आणि घागर वर ओढली. हे तो कधी करत नसे.

"मृणाल जायचं म्हणतेय," तो म्हणाला. "जाऊ दे तिला. तू ये परत शेडमध्ये. आपण दोघं. पहिल्यासारखं."

या वाक्यासाठी मी किती दिवस झुरले होते. प्रत्येक दुपारी, प्रत्येक जेवणात. ते आता आलं, आणि मी घागरीकडे बघत उभी राहिले. मला शेडमधली, मृणालबरोबरची ती दुपार आठवत होती.

"मी मृणालला थांबायला सांगितलंय," मी म्हणाले.

"इथे?"

"कुडाळला. तिथे औद्योगिक वसाहतीत एक गाळा रिकामा आहे. तेंडोलकरशेठ मालकाशी बोलतो म्हणालेत."

त्याने दोरी खाली ठेवली. "तुम्ही दोघी?"

"हो."

"आणि मी?"

त्याच्या तोंडाकडे बघून माझ्या ओठांवर आलं होतं, की तुम्हाला वाटतं तसं काही नाही. पण त्या बोलण्याचा किती उपयोग होतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी घागर कमरेवर घेतली.

"तुम्ही आहातच की," मी म्हणाले. "घर आहे, ओवी आहे. मी संध्याकाळी येतेच आहे."

कुडाळच्या गाळ्यात मृणालने आणि मी खूप कामं केली. काजूचं यंत्र पुरं झालं, नंतरही बरंच काही झालं. आम्ही भांडायचो कडाकडा. ओवी रोज माझ्याबरोबर यायची, तिथेच रांगली, तिथेच चालायला लागली. सासूबाई गावात सांगायच्या, "आता माजी सून आणि ता चेडू, दोघांय दिसभर थंय बंद गाळ्यात. मी कोणाक काय सांगू?"

जयवंतची शेड मात्र बंद राहिली. तो लोकांचे पंप दुरुस्त करून द्यायचा, त्यात त्याचं लक्ष नसायचं. घरी माझ्याशी नीट वागायचा. पण जेवताना मी काही सांगायला लागले, की ताटाकडे बघायचा. "मृणाल म्हणाली," असं माझ्या तोंडून आलं, की त्याचा घास थांबायचा. मला दिसायचं. मी वाक्य बदलायचे. पुढेपुढे मीही बोलायचं सगळं कुडाळला बोलून यायला लागले.

मग कधीतरी शेडचं दार उघडं दिसलं. आतून कानशीचा आवाज यायचा. तो काय करतोय ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात, रातांब्यांच्या दिवसांत, एका रविवारी तो म्हणाला, "येतेस का जरा शेडमध्ये?"

टेबलावर रातांबे फोडायचं यंत्र होतं. आमच्याकडे कोकमासाठी घरोघर बायका रातांबे हाताने फोडतात, साल वेगळी करतात, बिया आणि रस वेगळा. त्याने हँडल फिरवलं. रातांबा आत गेला, अर्धा झाला, सालीच्या दोन वाट्या एका बाजूला पडल्या आणि गरासकट बिया दुसऱ्या बाजूला. साल कुठेही चिरडलेली नव्हती. विजेची गरज नाही, कुठल्याही घरात चालेल असं.

मी वाकून बघायला लागले. वरून, खालून, बाजूने. मी कुठे 'नाही' म्हटलं असतं ती जागा शोधत होते. एका कोपऱ्यात मला ती सापडली, पण तिथे पहिली पट्टी घासून काढल्याच्या खुणा होत्या आणि नवी पट्टी खाली बसवलेली होती. त्यालाच कळलं होतं. दुसरीकडेही तसंच. तो तिथपर्यंत एकट्याने गेला होता, परत आला होता. माझ्यासाठी त्याने काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

"कसं आहे?" त्याने विचारलं.

"चांगलं आहे."

"नुसतं चांगलं?"

"खूप चांगलं आहे," मी म्हणाले. ते खरं होतं.

तो हसला. टेबलावर त्याने हात आपटला नाही, एक रातांबा उचलून माझ्या हातात दिला आणि स्वतः हँडल सोडून बाजूला झाला. मी तो आत टाकला आणि फिरवलं. साल स्वच्छ निघाली.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सासूबाईंनी विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने मी कुडाळला गेले. मृणाल अजून आली नव्हती. मी शटर वर केलं, आमच्या अर्ध्या झालेल्या यंत्राचे नट सोडवले, आणि ते मुळापासून पुन्हा मांडायला घेतलं; कुठे 'नाही' म्हणायचं ते मृणाल यायच्या आत मला एकटीला शोधायचं होतं.